मनगटाजवळचा जायंट सेल ट्युमर: नाशिकमध्ये काय करून घ्यावं आणि काय टाळावं

मनगटाजवळच्या जायंट सेल ट्युमरचं, म्हणजे हाड आतून पोखरणाऱ्या गाठीचं, ऑपरेशन नाशिकमध्ये नीट होतं का? होतं. पण त्याआधीची तयारी दर वेळी होतेच असं नाही. एमआरआय, भूल, सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) असलेली ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, हाड जोडायच्या प्लेटा, फिजिओथेरपी, सगळं गंगापूर रोडपासून मुंबई नाक्यापर्यंतच्या टापूत मिळतं. घोडं अडतं ते पहिल्या पंधरवड्यात. बायोप्सी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा) कोणी घेतली, कुठून घेतली, ‘गाठच तर आहे, खरवडून टाकू’ म्हणत कोणी घाईने हात घातला का, यावर ते मनगट पुढे वाकणार की नाही हे ठरतं. इथे एकेका दवाखान्याला गुण दिलेले नाहीत. निदानापासून पाठपुराव्यापर्यंतचा एकेक टप्पा तपासून त्याबद्दल मत दिलं आहे.

हा ट्युमर कॅन्सरमध्ये मोडत नाही, तरी ते ऐकून निवांत बसण्यासारखाही नसतो. बहुतेक रुग्ण २० ते ४० या वयातले, बायका किंचित जास्त. गुडघ्याच्या वरचं आणि खालचं हाड सोडलं तर याची सर्वांत आवडती जागा म्हणजे रेडियसचं, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं, मनगटाकडचं टोक. वाढ पूर्ण झालेल्या हाडात, सांध्याला अगदी लागून तो सुरू होतो. खोड असते स्ट्रोमल पेशींमध्ये, म्हणजे गाठीच्या मूळ पेशींमध्ये. त्या हाड खाणाऱ्या मोठ्या पेशींना बोलावून घेतात आणि हाड आतून पोखरलं जातं. बाहेर उरतो तो अंड्याच्या कवचाइतका पातळ पापुद्रा. थोड्या रुग्णांत हा फुप्फुसातही उतरतो, आणि मनगटाच्या ट्युमरमध्ये ते प्रमाण इतर जागांपेक्षा जास्त असल्याचं मानलं जातं. म्हणून पहिल्याच तपासणीत छातीचा सीटी करून घ्यावा. नुसत्या एक्स-रेवर बारीक ठिपके सुटतात.

निदान

सुरुवातीचे महिने वाया जातात ते ‘लचक भरली’ या समजुतीत. दिंडोरी-निफाडकडे छाटणीच्या दिवसांत मनगट दुखणं इतकं नेहमीचं आहे की मलम, मालीश, पट्टा यातच वेळ निघून जातो. पातळ झालेल्या हाडावर जोरात मालीश केली तर ते मोडू शकतं. मोडलेल्या हाडातून ट्युमर आजूबाजूच्या मऊ भागात सांडला की साधं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. तीन-चार आठवड्यांत न थांबलेलं, रात्रीही ठसठसणारं दुखणं आणि मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला हळूहळू वाढणारी सूज असेल, तर समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढावेत. एकाच बाजूचा एक्स-रे काढून मोकळं होणारी सेंटर अजून आहेत, त्यांना परत पाठवावं. फोटोत सांध्याच्या कडेपर्यंत गेलेला, मध्यापासून एका अंगाला सरकलेला, पांढरी किनार नसलेला काळा पोकळ भाग दिसला, तर संशय पक्का समजा.

या टप्प्यावर नाशिकला चांगले गुण द्यावे लागतील. एमआरआय शहरात सहज होतो. फक्त करताना चार गोष्टी सांगाव्या लागतात. स्कॅन बायोप्सीच्या आधी व्हावा, कारण सुई गेल्यावरचं रक्त आणि सूज चित्र बिघडवतं. नुसतं मनगट न घेता हाताचा वरपर्यंतचा भागही फोटोत यावा, म्हणजे हाडाच्या मज्जेत ट्युमर कुठवर गेलाय ते मोजता येईल. रिपोर्टमध्ये सांध्याची कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर) शाबूत आहे का, मागच्या स्नायूरज्जूंना (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना) आणि पुढच्या नसांना तो चिकटलाय का, याचं उत्तर असावं. आणि फिल्मसोबत सीडी मागून घ्यावी. मुंबईत दुसरं मत घ्यायला गेलात तर तिकडे सीडीच बघतात.

रक्ताच्या तपासण्यांत एक गट हमखास विसरला जातो: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक). पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडली तर हाडात होणारा ‘ब्राउन ट्युमर’ एक्स-रेवर आणि सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब असाच दिसू शकतो. तिथे मुळात मानेतल्या ग्रंथीचा इलाज करायचा असतो, हाडाला हात लावण्याची गरज बहुधा पडत नाही. थोड्याशा रक्तात एक आख्खं ऑपरेशन वाचतं. तरी ही तपासणी लिहून न देता थेट ओटीची तारीख देणारा डॉक्टर भेटला, तर तिथेच सावध व्हावं.

बायोप्सी

सगळ्यात कडक टीका या टप्प्यावर करावी लागते. कागदावर हे काम सर्वांत किरकोळ दिसतं, आणि बिघडतंही सर्वांत जास्त इथेच.

सुई ज्या वाटेने ट्युमरमध्ये जाते, ती वाट ट्युमरच्या पेशींनी दूषित झाली असं धरून चालायचं असतं. पुढच्या ऑपरेशनमध्ये तीच वाट त्वचेसकट कापून काढावी लागते. म्हणून नियम सरळ आहे: जो शेवटचं ऑपरेशन करणार, त्यानेच बायोप्सी घ्यावी, निदान जागा तरी त्यानेच ठरवावी. जखम उभी हवी, आडवी कधीच नाही. वाट एकाच स्नायूपट्ट्यातून जावी. दोन पट्ट्यांच्या मधून गेली तर पेशी दोन्हीकडे पसरतात. मुख्य नसा आणि रक्तवाहिन्यांपासून लांब राहावं. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला मध्यवर्ती नस आहे, तिकडून सुई घालणं म्हणजे पुढचं ऑपरेशन आपणच अवघड करून ठेवणं. तळव्याकडे आडवा छेद देऊन ‘उघडून बघितलं’ अशी केस आली, की मोठ्या सेंटरचे सर्जनही डोक्याला हात लावतात.

बारीक सुईने पेशी ओढून घेणारी एफएनएसी इथे अपुरी पडते. त्यातून ‘मोठ्या पेशी असलेला विकार’ एवढंच उत्तर येतं, आणि अशा मोठ्या पेशी ब्राउन ट्युमर, अ‍ॅन्युरिझमल बोन सिस्ट, कॉन्ड्रोब्लास्टोमा, इतकंच काय काही घातक ऑस्टिओसार्कोमामध्येही दिसतात. जाडसर कोअर सुईने तीन-चार तुकडे घ्यावेत. बहुतेक तुकडे १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये जातात. एक तुकडा मात्र नुसत्या सलाइनमध्ये ठेवून कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) यांना पाठवावा, कारण मनगटाचा हाडाचा टीबी आपल्याकडे विसरून चालत नाही. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्यावर कल्चर होत नाही. बाटली ओटीतच चुकली की बायोप्सी पुन्हा घ्यावी लागते, आणि दुसरी बायोप्सी म्हणजे आणखी एक दूषित वाट. बाटलीवरचं नाव, बाजू आणि कुठली बाटली कुठल्या लॅबला जाणार हे नातेवाइकांनी वाचून घ्यायला काहीच हरकत नाही. चांगल्या ओटीतले कर्मचारी याचा राग मानत नाहीत.

पॅथॉलॉजिस्टला एक्स-रे आणि एमआरआयचा रिपोर्ट सोबत द्यावा. हाडाच्या गाठीचं निदान फक्त सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर होत नाही. शंका उरली तर एच३.३ जी३४डब्ल्यू ही पेशी रंगवून बघण्याची तपासणी करता येते. या ट्युमरमध्ये ९० टक्क्यांहून अधिक वेळा एच३एफ३ए जनुकातला बदल असतो आणि ही तपासणी तो दाखवते. जवळच्या लॅबमध्ये सोय नसेल तर तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मुंबईला पाठवता येतो. ब्लॉक आणि काचा मागून घ्या. ‘लॅबकडे असतील’ हे उत्तर पुरेसं नाही.

खरवडायचं की काढायचं

निदान पक्कं झालं की एक्स-रेवरून कॅम्पनाची यांची प्रत, म्हणजे हाड किती बिघडलंय याची पायरी, ठरवतात. पहिल्या प्रतीत हाडाचं कवच शाबूत असतं, दुसरीत ते फुगून पातळ झालेलं, तिसरीत फुटून ट्युमर बाहेर आलेला. पहिल्या दोन प्रतींत शक्यतो खरवडून सांधा वाचवावा. तिसऱ्या प्रतीत हाडाचं टोक पूर्ण काढण्याकडे कल असतो. मात्र ‘तिसरी प्रत म्हणजे टोक काढायचंच’ असं सरधोपट सांगणारा सर्जन घाई करतोय. फुटलेला भाग लहान असेल आणि सांध्याचा पृष्ठभाग टिकणार असेल, तर तिथेही खरवडून भागू शकतं. उलट, सांधाच कोसळला असेल तर जपण्यासारखं फारसं राहिलेलं नसतं.

नुसतं खरवडलं तर ट्युमर परतण्याची शक्यता मोठी असते. हाडाचा भाग पूर्ण काढला तर ती बरीच कमी होते, पण मनगटाची हालचाल पणाला लागते. सर्जनने हा सौदा रुग्णासमोर उघड मांडला का, हाच नाशिकमधल्या सल्ल्याच्या दर्जाचा खरा निकष.

खरवडण्याच्या ऑपरेशनमध्ये चांगलं आणि वाईट काम कुठे वेगळं होतं, ते बारकाईने पाहू. हात काही मिनिटं वर धरून रक्त उतरवतात आणि मग टुर्निके (हाताकडचं रक्त थांबवणारा पट्टा) फुगवतात. ट्युमरच्या हाताला रबरी पट्टा आवळून रक्त पिळून काढू नये, दाबाने पेशी ढकलल्या जाऊ शकतात. मग हाडाला खिडकी पाडतात. इथे कंजुषी झाली की ट्युमर परत येणार, हे जवळपास ठरलेलं. खिडकी पोकळीच्या सर्वांत रुंद भागाएवढी हवी. बोटभर भोकातून चमचा घातला तर कडेच्या आडोशाला ट्युमर राहतोच, तो दिसत नाही आणि हाताला लागतही नाही. वेगवेगळ्या आकाराच्या क्युरेटने (खरवडायच्या चमच्याने) गाळ काढला की मग हाय-स्पीड बरने, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या घासायच्या यंत्राने, भिंत घासून काढतात, कंगोरे सपाट करतात, निरोगी कडक हाड लागेपर्यंत. कपाळावरचा दिवा आणि दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा, या दोन स्वस्त वस्तूंनी आडोसे दिसतात. त्या ओटीत असतात का, हे विचारून घ्यावं. हाय-स्पीड बर नसलेल्या ठिकाणी हे ऑपरेशन करून घेऊ नये. या बाबतीत तडजोड नको.

घासून झाल्यावर उरलेल्या पेशी मारायला फिनॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, अल्कोहोल किंवा विजेचा चटका वापरतात. फिनॉल अल्कोहोलने धुऊन काढावं लागतं, आणि हाडाचं कवच कुठे फुटलेलं असेल तर ते झिरपून नस जाळू शकतं. मनगटात नसा आणि स्नायूरज्जू हाडाला चिकटूनच जातात, त्यामुळे इथे फिनॉल जपूनच. बंद पोकळीत पेरॉक्साइड दाबाने मारलं तर वायू रक्तात शिरण्याचा धोका असतो. कोणतं रसायन जास्त चांगलं यावर वाद आहे. बरने नीट घासणं या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं, यावर मात्र फारसा वाद नाही.

पोकळी भरण्यासाठी सिमेंट किंवा हाडाचा चुरा वापरतात. बोन सिमेंटच्या एका पाकिटात साधारण ४० ग्रॅम पावडर आणि २० मिलिलिटर द्रव असतो. मनगटाला पूर्ण पाकीटही लागत नाही. घट्ट होताना त्याला उष्णता सुटते, ती काठावरच्या पेशींना मारायला मदत करते. पण सांध्याच्या कूर्चेखालचं हाड पातळ उरलं असेल तर तीच उष्णता कूर्चा भाजते. त्यासाठी कूर्चेखाली आधी कमरेच्या हाडाच्या चुऱ्याचा थर देऊन वर सिमेंट घालतात. एक छोटी गोष्ट: एप्रिल-मेमध्ये ओटीचा एसी धड नसेल तर सिमेंट अपेक्षेपेक्षा लवकर घट्ट होतं आणि कोपरे भरायच्या आत हातातून जातं. सिमेंटचा मोठा फायदा पाठपुराव्यात दिसतो. पांढऱ्या सिमेंटच्या काठाशी नवी काळी रेघ रुंदावत गेली, की ट्युमर परतल्याचं लवकर कळतं. हाडाच्या चुऱ्यात हे ओळखणं कठीण जातं, कारण चुरा विरघळतानाही तसंच काळं दिसतं.

टोक काढलं तर त्या जागी काय

ट्युमर असलेलं हाड, एमआरआयवरच्या हद्दीपलीकडे एक-दोन सेंटिमीटर निरोगी हाड आणि बायोप्सीची वाट, हे सगळं एका तुकड्यात काढतात. काढलेल्या तुकड्याला दिशा कळण्यासाठी रेशमाचे टाके घालून पाठवावं आणि मज्जेचा काठ वेगळा तपासावा. हे दोन्ही डिस्चार्ज कागदावर लिहिलेलं असावं.

भराईचे मुख्य मार्ग दोन. पहिला: पायाच्या बाहेरच्या बारीक हाडाचं, फिब्युलाचं, गुडघ्याकडचं टोक काढून मनगटात बसवणं. त्याचं डोकं रेडियसच्या टोकाशी बऱ्यापैकी जुळतं, म्हणून मनगटाची थोडी हालचाल राहते. ३.५ मिलिमीटरची प्लेट, जोडाच्या दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन स्क्रू, आणि मनगटाचा नवा सांधा जागेवर राहावा म्हणून चार ते सहा आठवडे तारा. या तारांची टोकं बाहेर असतात. शेतात, गोठ्यात हात गेला तर तिथे पू होतो. काय बिघडू शकतं? जोड न जुळणं, कलम (बसवलेलं हाड) मोडणं किंवा विरघळणं, आणि सर्वांत जास्त दिसणारी तक्रार म्हणजे मनगट तळव्याकडे हळूहळू सरकणं. पायाकडेही लक्ष हवं. फिब्युलाच्या मानेला वळसा घालून जाणारी नस दुखावली तर पाऊल उचलत नाही. गुडघ्याच्या बाहेरचा लिगामेंट पुन्हा नडगीला बांधावा लागतो. आणि घोट्याकडचा सहा-आठ सेंटिमीटरचा भाग सोडूनच हाड घ्यायचं, नाहीतर घोटा डळमळतो.

दुसरा मार्ग: मनगट कायमचं जोडून टाकणं. त्यासाठी फिब्युलाचा मधला तुकडा वापरता येतो, किंवा शेजारची अल्ना (करंगळीच्या बाजूचं हाड) कापून रेडियसच्या जागी सरकवतात. अल्ना सरकवताना तिचे स्नायू आणि रक्तपुरवठा सोबत राहतो, त्यामुळे जोड चांगला जुळतो, पाय कापावा लागत नाही आणि हात पालथा-उताणा फिरणं राहतं. हाताचा मनगटावरचा भाग बारीक, डमरूसारखा दिसतो, ते आधी सांगायला हवं. मनगट मागे दहा-पंधरा अंशांत जोडतात, कारण तशा स्थितीत मूठ घट्ट वळते.

आता निवड. इथेच नाशिकमधल्या सल्ल्यात उणीव जाणवते: रुग्ण काय काम करतो हे विचारायच्या आधीच पद्धत ठरलेली असते. द्राक्षाचे क्रेट उचलणाऱ्या, अंबड-सातपूरच्या कारखान्यात जड काम करणाऱ्या माणसाला ताकद आणि न दुखणारं मनगट हवं. जोडलेलं मनगट त्याला बहुधा जास्त मानवतं. येवल्यात पैठणीच्या मागावर बसणाऱ्याला मनगटाची वळणं लागतात, तिथे फिब्युलाचा विचार आधी व्हावा. जोडलेल्या मनगटाने काय होत नाही, तेही यादी करून सांगायला हवं. तळवा जमिनीवर टेकून उठता येत नाही. नमस्काराला हात पूर्वीसारखे जुळत नाहीत, कोपर बाहेर काढावं लागतं. कपडे पिळायला त्रास होतो. आणि डावा हात असेल तर शौचाला पाणी घेणं अवघड होतं. हा शेवटचा मुद्दा संकोचाने टाळला जातो, आणि घरी गेल्यावर सर्वांत जास्त त्रास त्याचाच होतो. ऑपरेशनआधी मनगटाला त्याच कोनात आठवडाभर कडक पट्टा बांधून सगळी कामं करून बघावीत. प्लॅस्टर रूममध्ये होणारं काम आहे, खर्च किरकोळ. हे आपणहून सुचवणारा सर्जन भेटला तर त्याच्याकडेच थांबावं.

जुळायला चार ते सहा महिने लागतात. सिगारेट, बिडी, तंबाखू सुरू ठेवली तर जोड जुळायला अडचण येते. इथे सबबी नकोत, सरळ बंद.

डिनोसुमॅब

हाड खाणाऱ्या पेशींना रोखणारं हे इंजेक्शन अलीकडे सढळ हाताने लिहिलं जातं, म्हणून दोन शब्द. अमेरिकेत २०१३ साली याला जायंट सेल ट्युमरसाठी मान्यता मिळाली, ती ऑपरेशन शक्य नाही किंवा केलं तर मोठी हानी होईल अशा रुग्णांसाठी. मात्रा १२० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी त्वचेखाली, आणि पहिल्या महिन्यात आठव्या व पंधराव्या दिवशी आणखी दोन. हाडं ठिसूळ झालेल्यांसाठी मिळणारी ६० मिलिग्रॅमची सिरिंज वेगळी असते, केमिस्टकडे घोळ होतो. पाकिटावरचा आकडा वाचून घ्या. आधी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पाहावं, दात काढायचा असेल तर आधी काढून घ्यावा, गरोदरपणात अजिबात नाही आणि उपचार चालू असताना गर्भनिरोधन हवं.

याने ट्युमरभोवती हाडाचं कवच तयार होतं, दुखणं कमी होतं, एक्स-रे सुंदर दिसतो. पण त्या नव्या हाडात स्ट्रोमल पेशी दबून जिवंत राहतात. नंतर खरवडायला गेलं तर कुठपर्यंत खरवडायचं ते कळत नाही, आणि ट्युमर परतण्याचं प्रमाण वाढल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. खरवडायचं ठरलं असेल तर हे इंजेक्शन शक्यतो नको. हाड पूर्ण काढायचं असेल आणि ट्युमर मऊ भागात पसरला असेल, तर दोन-तीन मात्रांनी कडा घट्ट होऊन काढणं सोपं जातं. ‘आधी इंजेक्शन देऊ, मग बघू’ हा सल्ला मिळाला तर ‘मग’ म्हणजे नेमकं काय, हे त्याच बैठकीत विचारावं.

पैसे आणि मुंबई

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत असलं तरी हे ऑपरेशन तिथल्या मंजूर यादीत बसतंय का, हे आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाकडे) विचारून घ्यावं आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी. नंतर कागद फिरवून काही हाती लागत नाही. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, त्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. खासगीत अंदाजपत्रक घेताना प्लेट-स्क्रू, सिमेंट, बर आणि पॅथॉलॉजी पॅकेजमध्ये आहेत की वेगळे, हे लिहून घ्या. वाद बहुतेक वेळा इम्प्लांटच्या बिलावर होतो. इम्प्लांटचे स्टिकर फाइलला लावून मागा.

मुंबईला कधी जावं? तिसरी प्रत, आधी कोणीतरी खरवडलेला आणि परतलेला ट्युमर, फुप्फुसात ठिपके किंवा पॅथॉलॉजीवर मतभेद असतील, तर परळच्या टाटा रुग्णालयात निदान एकदा मत घ्यावं. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस दादरला थांबते, तिथून परळ जवळ. सोबत ब्लॉक, काचा, एमआरआयची सीडी, रक्ताचे रिपोर्ट आणि आधी काही ऑपरेशन झालं असेल तर त्याची ओटी नोट, म्हणजे ऑपरेशनमध्ये काय केलं याची नोंद. ओटी नोट न देणाऱ्या दवाखान्याकडे लेखी अर्ज करा. डिस्चार्ज कार्डावरचे ‘क्युरेटेज केले’ (खरवडलं) हे दोन शब्द पुढच्या सर्जनला काही उपयोगाचे नाहीत. पहिल्या किंवा दुसऱ्या प्रतीचा, पहिल्यांदाच झालेला ट्युमर असेल आणि हाडांच्या ट्युमरचं काम नियमित करणारा सर्जन इथे मिळत असेल, तर नाशिकमध्येच ऑपरेशन करण्यात काही वावगं नाही.

नंतरचं

फिजिओथेरपीला नाशिक पुरून उरतं, अडचण असते ती सुरुवात उशिरा होण्याची. हात स्लॅबमध्ये (अर्ध्या प्लॅस्टरमध्ये) असतानाही बोटं पहिल्या दिवसापासून पूर्ण वळवायची आणि उघडायची, खांदा हलवायचा. ‘प्लॅस्टर निघाल्यावर या’ असं सांगितलं तर तोवर बोटं आखडलेली असतात. हात लाल, चमकदार, घामेजलेला होऊन हात लावू देत नसेल, तर ते नेहमीचं दुखणं समजू नये, लगेच दाखवावं.

ट्युमर परतला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा, असा साधारण क्रम ठेवतात. प्रत्येक वेळी मनगटाचा एक्स-रे दोन बाजूंनी आणि ठरावीक अंतराने छातीचा. प्रत्येक नवा फोटो ऑपरेशननंतरच्या पहिल्या फोटोशेजारी लावून बघायचा असतो. फक्त मागच्या वेळच्या फोटोशी तुलना केली तर हळू वाढणारी रेघ सुटते. कार्पल (मनगटातल्या छोट्या) हाडांत किंवा त्वचेखाली नवी गाठ लागते का, हे हाताने चाचपूनही पाहावं, कारण मऊ भागात परतलेला ट्युमर सुरुवातीला एक्स-रेवर दिसेलच असं नाही. पहिला फोटो हरवू देऊ नका, त्याची प्रत मोबाइलमध्येही ठेवा.